हिशेब ठेवणाऱ्यांचा हिशेब

आयटीतल्या दोन पिढ्या एकाच घरात असणं पुण्यात आता नवलाचं राहिलेलं नाही. पुढच्या संवादातले मामा नव्वदच्या दशकात सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीच्या कामात शिरले, कारखान्या-कारखान्यांत ईआरपी, म्हणजे साऱ्या व्यवहारांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवत फिरले आणि अलीकडेच निवृत्त झाले. भाची हिंजवडीत तशाच सॉफ्टवेअरच्या सपोर्ट टीममध्ये आहे. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांच्या बोलण्यात येणारे आकडे आणि घटना खऱ्या आहेत. एआयचं कौतुक तरुणांनी करायचं आणि कुरकुर जुन्यांनी, असा आपला समज असतो. इथे नेमकं उलट आहे.

मामा : तुझी आई सांगत होती, तू एआयच्या नावानं बोटं मोडत असतेस. अगं, ज्या कामानं आम्ही आयुष्यभर वैतागलो, ते करणारं यंत्र आलंय. पर्चेस ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि इन्व्हॉइस, हे तीन कागद जुळतात का ते बघण्यात लोकांच्या नोकऱ्या सरल्या. टेस्ट स्क्रिप्ट भरायच्या, स्क्रीनशॉट चिकटवायचे, क्लायंटच्या वेळेप्रमाणे रात्र जागवून तिकिटं बंद करायची. यातलं काय जपून ठेवायचंय तुला?

भाची : तुला ते कंटाळवाणं वाटतं, कारण तू ते करून पुढे गेलास. महिनाअखेरीला इन्व्हॉइस कुठे अडकतं, स्टोअरचा माणूस नोंद एक दिवस उशिरा का करतो, हे तुला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं? तिकिटं सोडवता सोडवताच ना? शिंप्याच्या दुकानात पोरगं आधी काजं-बटणं करतं, त्यातून त्याच्या हाताला कापड कळायला लागतं. काजं-बटणं यंत्राकडे द्या, माझी हरकत नाही. पण मग पुढचा शिंपी कुठून येणार, तेही सांगा.

मामा : शिकवण्याच्या नावाखाली आपण काय विकत होतो, ते आधी बघ. पिरॅमिड! खाली फ्रेशरांचा रुंद थर, वर मोजके मॅनेजर आणि क्लायंटला डोकी मोजून बिल. फ्रेशरचा पगार दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळला, तो काय शिकवण्याच्या हौसेपोटी? नॅसकॉमच्या अंदाजानं २०२४-२५मध्ये भारतीय आयटी उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि माणसं ५८ लाख. भागाकार कर, माणशी पन्नास हजार डॉलरही पडत नाहीत. सॅपचा २०२४चा महसूल ३४ अब्ज युरोंच्या वर आणि माणसं लाखाहून थोडी जास्त. तिथे माणशी तीन लाख युरोंहून अधिक. त्यांनी वस्तू विकली, आपण तास विकले. तो तासांचा धंदा बसत असेल तर मला सुतक नाही.

भाची : पिरॅमिडचं गुणगान मी करतच नाहीये. पण त्या डोकी मोजून होणाऱ्या बिलात एक गोष्ट गुपचूप होत होती. माझ्या शिकण्याचा खर्च क्लायंट भरत होता. त्याला ते माहीत नव्हतं, कंपनीलाही त्याचं श्रेय नको होतं, पण होत होतं. आता बिलाची रीतच बदलतेय. सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीनं २०२४च्या ऑक्टोबरात एजंटफोर्स, म्हणजे स्वतःहून कामं उरकणारे एआय एजंट, बाजारात आणलं तेव्हा दर ठेवला, एका संभाषणाला दोन डॉलर. किती माणसं सॉफ्टवेअर वापरतात, किती माणसं ते सांभाळतात, याच्याशी त्या दराचा संबंध नाही. काम असं निकालावर विकायला लागलं की शिकाऊ माणूस हा निव्वळ खर्च उरतो.

मामा : तो दरही टिकला नाही. २०२५च्या मे महिन्यात त्यांनी कृतीमागे दहा सेंट असा दुसरा पर्याय आणला. बाजार अजून चाचपडतोय. एवढ्यात फ्रेशरचं श्राद्ध कशाला घालतेस?

भाची : मी नाही घालत, आकडे घालतायत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एआयचा सर्वाधिक स्पर्श झालेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरला. त्याच व्यवसायांतले अनुभवी लोक मात्र जागच्या जागी राहिले. म्हणजे शिडी चढून गेलेले सुखरूप आहेत, पहिली पायरी तेवढी निखळलीय.

मामा : आणि आपल्याकडे? टीसीएसनं जुलै २०२५मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं, ती प्रामुख्यानं मधल्या आणि वरच्या फळीतली. त्यांचे सीईओ कृत्तिवासन म्हणाले, हे एआयमुळे नाही, कौशल्यं आणि कामं जुळत नाहीत म्हणून. त्याच्या आधीचंही आठव. २०२३-२४मध्ये इन्फोसिसचं मनुष्यबळ जवळपास २६ हजारांनी घटलं, टीसीएसचं १३ हजारांनी. तेव्हा कुठे होते तुझे एजंट? कोविडच्या लाटेत भरमसाट भरती केली, मग क्लायंटनं हात आखडता घेतला. पुष्कळ ठिकाणी एआय हे कारण नसतं, सबब असते.

भाची : हे मात्र पटलं. पण सबबसुद्धा माणसाला घरी बसवायला पुरते. नियम कसे आवळले गेले बघ. टीसीएसनंच जून २०२५पासून धोरण आणलं की वर्षात किमान २२५ दिवस बिलिंगवर असायला हवं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांच्या वर नको. मी त्या कंपनीत नाही, पण हवा सगळीकडे तीच आहे. पूर्वी बेंच ही शिकायची जागा होती. सर्टिफिकेशन करायचं, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये डोकावायचं. आता बेंचवर बसलेला माणूस शिकत नाही, धास्तावलेला असतो.

मामा : धास्तीवर उपाय आहे. यंत्र वापरायला शीक. दहा जणांचं काम दोघं करतील, आणि त्या दोघांना दहा जणांचा नाही तरी चौघांचा पगार मिळेल.

भाची : दहा जणांचं काम दोघं करतील, हे मोजलंय कुणी? मेटर नावाच्या अमेरिकन संस्थेनं जुलै २०२५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्या चांगल्या ओळखीचा कोड. एआय हाताशी घेऊन काम केल्यावर त्यांना वाटलं, आपला वेग २० टक्क्यांनी वाढला. घड्याळानं दाखवलं की त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला.

मामा : सोळा माणसं, आणि त्या वेळची साधनं. आजची त्याहून पुढची आहेत. एवढ्यावर अख्ख्या तंत्राला नापास करू नकोस.

भाची : मी तंत्राला नापास करत नाही. आपल्याला काय वाटतं आणि काय घडतं यांतलं अंतर दाखवतेय. नोकऱ्या जातात त्या वाटण्यावर. क्लार्ना ही स्वीडिश कंपनी घे. २०२४च्या सुरुवातीला त्यांनी डांगोरा पिटला की आमचा एआय सहायक सातशे माणसांचं काम करतो. पुढच्या वर्षी त्यांचे प्रमुख कबूल करत होते की सेवेचा दर्जा घसरला, पुन्हा माणसं घ्यायला हवीत.

मामा : पण सेल्सफोर्सचे प्रमुख बेनिऑफ २०२५च्या सप्टेंबरात सांगत होते की सपोर्टची नऊ हजार माणसं पाच हजारांवर आणली. एकाचं फसलं म्हणून सगळ्यांचं फसत नाही. फरक कुठे पडतो ते मी सांगतो. ईआरपी म्हणजे स्क्रीन आणि रिपोर्ट नव्हे. पाच जर्मन इंजिनिअरांनी आयबीएम सोडून १९७२मध्ये सॅप सुरू केलं, तेव्हापासून या धंद्याचा गाभा एकच आहे, कुणी काय केलं याची न पुसता येणारी नोंद. ऑर्डर टाकणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. मेकर-चेकर. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून कायदाच आहे. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. एजंट या चौकटीत काम करेल. मेकर यंत्र, चेकर माणूस. झालं.

भाची : नाही झालं. दिवसाला चाळीस नोंदी तपासणारा चेकर आणि चार हजार तपासणारा चेकर, दोघांची सही दिसायला सारखीच असते. पण दुसरा वाचत नाही, नुसता क्लिक करतो. कागदावर मेकर-चेकर शाबूत, प्रत्यक्षात चेकर शोभेचा. आणि यंत्राचं ऐकून सही करण्याची किंमत काय असते, ते ब्रिटनच्या पोस्टात दिसलंय. फुजित्सूनं बनवलेलं होरायझन सॉफ्टवेअर सांगायचं की शाखेत पैसे कमी आहेत. पोस्टमास्तर सांगायचे, नाही हो. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेच्या वर लोक दोषी ठरले. संगणक बरोबरच चालतो असं तिथला कायदा गृहीत धरत होता. होरायझनमध्ये दोष होते हे उच्च न्यायालयानं म्हणायला २०१९ उजाडलं, आणि सरसकट निर्दोष ठरवणारा कायदा आला २०२४मध्ये. त्यात एआयचा अंशही नव्हता. साधं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, तुझ्या-माझ्यासारख्यांनी लिहिलेलं.

मामा : ते मी विसरलेलो नाही. पण त्यातून तू जे शिकतेस, त्याच्या उलट मी शिकतो. तिथे खोट एकट्या यंत्राची नव्हती. दूरवर बसून शाखेच्या हिशेबात हात घालता येत होता आणि वर्षानुवर्षं ते नाकारलं गेलं. म्हणजे माग ठेवणं आणि तो उघड करणं, इथेच घात झाला. एजंट बोलेल ते कंपनीवर बंधनकारक राहील, हे न्यायसंस्थाही सांगायला लागल्या आहेत. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनी म्हणाली, चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणानं ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली.

भाची : बरोबर, बाहेरच्या ग्राहकापुढे कंपनी जबाबदार. पण कंपनीच्या आत? एजंट चुकला की लॉगमध्ये नाव कुणाचं? आज बऱ्याच ठिकाणी एखाद्या सामायिक सर्व्हिस अकाउंटचं असतं. म्हणजे कुणाचंच नाही. जुलै २०२५मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या साधनातल्या एजंटनं, काहीही बदलू नकोस अशी ताकीद असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. हाच प्रकार एखाद्या कारखान्याच्या महिनाअखेरीला झाला तर रात्री फोन कुणाला लागेल? सपोर्टमधल्या सर्वांत ज्युनिअर पोरीला. अधिकार एजंटचा, बोलणी तिला.

मामा : बोलणी तिला बसू नयेत, एवढं मान्य. प्रत्येक एजंटमागे एक नावानिशी माणूस, आणि त्याला झेपेल तितकीच कामं. हे मी लिहून देतो. पण एक बाजू तू बघतच नाहीस. असं काही काम असतं जे यंत्राशिवाय होणारच नाही. चाकणला नट-बोल्ट बनवून युरोपला पाठवणारा लहान कारखानदार डोळ्यांसमोर आण. १ जानेवारी २०२६पासून युरोपची सीबॅम व्यवस्था, म्हणजे आयात मालावरचा कार्बनचा भार, पूर्णपणे लागू झाली. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्या जोडीला पोलादाचे नट-बोल्टही त्यात आहेत. कुठल्या पोलादात किती कार्बन, कुठल्या भट्टीला किती इंधन, हे युरोपातला खरेदीदार त्याला विचारणार. इंधनाची बिलं पीडीएफमध्ये, डिझेलची नोंद वहीत, पोलाद पुरवणाऱ्याची कागदपत्रं ईमेलमध्ये. हे सगळं वाचून एका जागी आणणारा एजंट म्हणजे त्याला वरदान आहे. त्यासाठी माणसं ठेवायची म्हटली तर त्याचा नफा तिथेच संपेल.

भाची : हा उपयोग खरा आहे, मी वाद घालत नाही. फक्त त्यात एक भीती आहे. जिथे पुरवठादाराचा आकडा मिळत नाही, तिथे साधन अंदाजानं जागा भरतं. रिपोर्टमध्ये मोजलेला आकडा आणि भरलेला आकडा एकाच टाइपात छापले जातात. आणि नियमांच्या भरवशावर फार राहू नकोस. टिकाऊपणाच्या अहवालाची सक्ती करणाऱ्या युरोपीय आयोगानंच फेब्रुवारी २०२५मध्ये सुमारे ८० टक्के कंपन्यांना त्यातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. जगाच्या कार्बनचा हिशेब ठेवणारं हे सॉफ्टवेअर स्वतःचा हिशेब कुठे ठेवतं?

मामा : ठेवतं की. गुगलनं ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलं, जेमिनीला विचारलेल्या एका सर्वसाधारण प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज लागते. वर्षभरात ती तेहतीस पटींनी कमी झाली म्हणे.

भाची : त्याच गुगलच्या २०२४च्या अहवालात एकूण उत्सर्जन २०१९च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढलेलं होतं. २०३०पर्यंत कार्बन-निगेटिव्ह होण्याचा पण केलेल्या मायक्रोसॉफ्टचं त्याच सुमाराच्या अहवालात २०२०पेक्षा २९ टक्क्यांनी जास्त. एका प्रश्नाची वीज घटते आणि एकूण वीज वाढते, कारण प्रश्न अमाप वाढतात. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय, इंजिनं काटकसरी झाली की कोळसा जास्तच जळतो. आणि माणूस निदान थांबून थांबून प्रश्न विचारतो. एजंट एका इन्व्हॉइससाठी स्वतःलाच वीस वेळा विचारतो.

मामा : प्रमाण बघ. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटर्सनी ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का.

भाची : आणि २०३०पर्यंत ती दुपटीहून जास्त, सुमारे ९४५ टेरावॉट-तास होईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. शिवाय दीड टक्का ही जगाची सरासरी. डेटा सेंटर्स जगभर सारखी पसरलेली नसतात. आपल्या देशातली जवळपास निम्मी क्षमता मुंबई-नवी मुंबईत गोळा झालीय, आणि महाराष्ट्राची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. आता हिशेबाची गंमत ऐक. सॉफ्टवेअर कंपनीच्या कँपसवर सोलर पॅनेल, पाण्याचा पुनर्वापर, सगळं उत्तम. पण तिचा एजंट जाळतो ती वीज क्लाउड कंपनीच्या खात्यात पडते. ग्राहकाच्या खात्यात ती आली तर स्कोप ३मध्ये, म्हणजे इतरांकडून घेतलेल्या वस्तू-सेवांच्या उत्सर्जनात, येणार. सेबीनं मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा टिकाऊपणाचा अहवाल सक्तीचा केला, पण त्यात स्कोप ३ ऐच्छिक ठेवलाय. म्हणजे विकणाऱ्याकडे दिसत नाही, घेणाऱ्याला दाखवायची गरज नाही.

मामा : हं. हा मुद्दा वजनाचा आहे. इन्व्हॉइसवर जीएसटीची ओळ येते तशी विजेची ओळ यायला हवी, असंच ना? या महिन्यात तुमच्या एजंटनी इतके व्यवहार केले, त्याला इतकी वीज लागली. तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. टोकन मोजून पैसे घेता येतात, तर वीजही मोजता येईल.

भाची : हेच म्हणतेय. हा उद्योग पन्नास वर्षं इतरांना सांगत आला, नोंद ठेवा, माग ठेवा, नाव लिहा. तोच नियम त्यानं स्वतःला लावावा. एजंटच्या प्रत्येक कृतीमागे नाव. प्रत्येक बिलावर वीज. आणि तिसरी ओळ, प्रत्येक करारात शिकाऊ माणसांचे तास.

मामा : पहिल्या दोन ओळींना मी तयार आहे. तिसरीला क्लायंट पैसे देणार नाही.

भाची : तो आताच देतोय, मामा. तुला देतोय. सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७अखेर संपतोय, जादा पैसे मोजले तर २०३०पर्यंत. सगळ्यांची नव्या एस/फोर हानावर जायची घाई चाललीय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सॅपच्या एबॅप भाषेत लिहिलेला कोड उघडला की कळतं, अमुक डेपोसाठी एक वेगळी अट टाकलीय. एजंट ती अट पाच मिनिटांत शोधतो, समजावूनही सांगतो. पण ती का टाकली होती, आता काढली तर चालेल का, हे त्याला ठाऊक नसतं. कारण ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. मग निवृत्त माणसाला फोन जातो आणि दिवसाचा दर ठरतो. तो दर म्हणजे मधल्या काळात कुणाला न शिकवल्याची थकबाकी आहे.

मामा : माझ्याच दरावर बोट ठेवलंस! खरं आहे, मला बोलावतात ते मी हुशार आहे म्हणून नव्हे. त्या वेळी त्या खोलीत होतो म्हणून. पण तरी व्यवहार सांगतो. मी वाटाघाटी केल्यात. शिकाऊ तासांची वेगळी ओळ दिसली की क्लायंटचा खरेदी विभाग सगळ्यात आधी तीच खोडेल. तू ती एजंटच्या दरात मिसळून टाक. कुणाला कळणार नाही आणि काम होईल.

भाची : तुमच्या काळात मिसळलेलीच होती ना? डोकी मोजायच्या बिलात माझं शिकणं मिसळलेलं होतं, म्हणून तर बिलाची रीत बदलल्यावर ते गेलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. मिसळायची नाही. वेगळीच दाखवायची. खोडू दे की त्यांना. खोडणाऱ्याचं नाव आणि तारीख लॉगमध्ये राहील.